मागच्याला फरक कळला पाहिजे : टेल लाइट आणि इंडिकेटरला एलईडी लावण्याआधी

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो होतो. जुलैचे दिवस, घाटात धुकं असं की पुढचं वळण अंगावर आल्यावरच दिसायचं. माझ्या मागोमाग आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर टपरीवर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, राग मानू नका, पण तुमची गाडी ब्रेक कधी मारते आणि नुसती चालते कधी, ते मागनं कळतच नाही. दोन वळणांवर अंगावर आलो असतो तुमच्या."

राग कसला येणार? मी हादरलो, कारण आठच दिवसांपूर्वी मी मागच्या दिव्यांना 'हाय पॉवर' एलईडी बल्ब लावून घेतले होते. गाडी २०११ ची, दिवे मिणमिणते वाटायला लागले होते, म्हणून सुरक्षिततेसाठीच हा खर्च केला होता. दुकानासमोर ब्रेक दाबून पाहिला तेव्हा मागची भिंत उजळून निघाली होती. मग घाटात नेमकं काय झालं? त्याचं उत्तर शोधताना मला जे कळलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण असे बल्ब लावणारे माझ्या ओळखीतच आठ-दहा जण निघाले आणि हेतू सगळ्यांचा चांगलाच होता.

हा दिवा कुणासाठी असतो?

हेडलाइट आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतो. मागचे दिवे आणि इंडिकेटर दुसऱ्याला आपलं म्हणणं कळावं म्हणून असतात. त्यांची भाषा अगदी थोड्या शब्दांची आहे. मंद लाल म्हणजे 'इथे गाडी आहे'. तोच लाल एकदम ठळक झाला की 'मी वेग कमी करतोय'. लुकलुकणारा पिवळा म्हणजे 'मी वळतोय'. पांढरा म्हणजे 'मी मागे येतोय'. मागून येणारा माणूस विचार करून हे वाचत नाही. त्याचा पाय ब्रेककडे जातो तो दिव्यात झालेला बदल पाहून.

म्हणूनच मागच्या दिव्यांच्या नियमांत किमान प्रकाश जसा ठरवलेला असतो, तसा कमालही ठरवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत टेल लाइटला सरळ मागच्या दिशेने किमान ४ कँडेला लागतात आणि ब्रेक लाइटला किमान ६०. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा एका दिशेला जाणारा प्रकाश. एकाच खणात दोन्ही दिवे असतील तर ब्रेक दाबल्यावरचा प्रकाश नुसत्या टेल लाइटच्या किमान पाचपट असावा, अशीही अट आहे. भारतातली एआयएस ही वाहन उद्योगाची मानकं याच वळणाची आहेत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत दिवा तपासला जातो तेव्हा वेगवेगळ्या कोनांतून तो किती दिसतो हेही मोजलं जातं.

घाटातल्या माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या पाचपटीत होतं. माझ्या नव्या बल्बचा टेल लाइटच इतका प्रखर होता की ब्रेक दाबल्यावर त्यात फारशी भर पडत नव्हती. दुकानात मी टेल लाइट बंद ठेवून नुसता ब्रेक दाबून पाहिला होता. शून्यातून प्रकाश आला, म्हणून भिंत उजळली. धुक्यात मात्र टेल लाइट आधीच चालू होते. ट्रकवाल्याला सतत एकच लालसर गोळा दिसत राहिला.

एका जुन्या बल्बकडे नीट पाहू या

काढून टाकलेला मूळ बल्ब मी टेबलावर ठेवून भिंगातून पाहिला. पितळी बूड, बाजूला दोन पिना एकाच उंचीवर नाहीत, एक वर आणि एक खाली. म्हणजे होल्डरमध्ये तो उलटा बसूच शकत नाही. बुडाशी शिशाचे दोन ठिपके. काचेत दोन तारा: एक जाडसर, एक बारीक. वायरमन याला 'डबल कॉन्टॅक्ट' म्हणतात, खोक्यावर पी२१/५डब्ल्यू किंवा ११५७ असं लिहिलेलं असतं. जाड तार २१ वॅटची, ब्रेकसाठी. बारीक तार ५ वॅटची, टेल लाइटसाठी. साडेतेरा व्होल्टला पहिली सुमारे ४४० लुमेन देते आणि दुसरी सुमारे ३५ (लुमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून निघणारा प्रकाश). बाराएक पटीचा फरक. मागच्याला कळायला हवा तो फरक या दोन तारांच्या जाडीतच भरून ठेवलेला आहे.

इंडिकेटरचा बल्ब एकाच तारेचा असतो. काच पिवळी असेल तर बल्ब पांढरा, पी२१डब्ल्यू, ४६० लुमेनचा. बाहेरची काच पारदर्शक असेल तर बल्बच पिवळा, पीवाय२१डब्ल्यू, आणि तो २८० लुमेनचा. वॅट दोघांचे सारखेच, पण पिवळ्या थराने जवळजवळ चाळीस टक्के प्रकाश गिळला. या दोघांच्या पिनांचा कोन मुद्दाम वेगळा ठेवलेला आहे, पिवळ्याच्या जागी पांढरा बसू नये म्हणून. एलईडी बल्ब होल्डरमध्ये बसेना म्हणून त्याची पिन कानशीने घासून बसवताना मी पाहिलं आहे. कृपा करून असं करू देऊ नका. ती पिन चुकीचा रंग रस्त्यावर जाऊ नये म्हणून ठेवलेली राखण आहे.

लाल काचेमागे पांढरा एलईडी का फिका पडतो

ट्रकवाल्याच्या तक्रारीचं उरलेलं अर्धं उत्तर रंगात होतं. माझे नवे बल्ब पांढरे होते. दुकानदार म्हणाला होता, "पांढरा कुठेही चालतो, काच लाल आहेच की." ऐकायला बरोबर वाटतं. जुना बल्बही पांढराच तर होता.

पण या दोन पांढऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो घरी पाहता येतो. रात्री खोलीत अंधार करून एक जुनी सीडी घ्या आणि तिच्यात तारेच्या बल्बचं प्रतिबिंब तिरकं पाहा. इंद्रधनुष्याचा पट्टा दिसेल आणि त्यात लाल भाग रुंद, भरघोस दिसेल, कारण तापलेली तार लाल प्रकाश उदंड देते. आता थंड पांढऱ्या एलईडीचं प्रतिबिंब पाहा. निळा झगझगीत, मग हिरवा-पिवळा, आणि लाल अगदी कडेला, उरल्यासुरल्यासारखा. याचं कारण असं की पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळी पूड लावलेली असते, दोन्ही मिसळून आपल्या डोळ्याला पांढरं भासतं. प्रखर निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की ते साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

लाल काच लाल रंग निर्माण करत नाही. ती आलेल्या प्रकाशातला लाल पुढे सोडते, बाकीचा अडवते. मग ज्याच्यात लाल मुळातच कमी, त्याचं लाल काचेपलीकडे काय उरणार? एक फिकट, गुलाबीकडे झुकणारा उजेड. खोक्यावरचे लुमेन सगळे काचेतच अडकले.

उपाय साधा आहे: लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा. लाल एलईडी पांढऱ्याच्या कितीतरी आधीचा, दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा पहिला एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. त्याचा सगळाच प्रकाश लाल असतो, त्यामुळे काच तो फारसा अडवत नाही. म्हणूनच लाल एलईडीला ४४० लुमेनची बरोबरी करण्याची गरज नसते. तारेच्या बल्बच्या त्या ४४० मधलेही थोडेच काचेबाहेर पडत होते. खोक्यावरचा लुमेनचा आकडा पाहून लाल बल्ब नाकारणारे आणि पांढरा उचलणारे लोक इथेच फसतात. मीही त्यांतलाच एक.

आरशाला तार कुठे आहे ते माहीत असतं

टेल लॅम्पच्या आत बल्बमागे जो चकचकीत वाटीसारखा भाग असतो, तो विशिष्ट जागी असलेल्या एका बारीक तारेसाठी घडवलेला असतो. पी२१डब्ल्यू बल्बमध्ये बुडाच्या संदर्भपातळीपासून तारेपर्यंतचं अंतर ३१.८ मिलिमीटर ठरलेलं आहे, मग बल्ब कोणत्याही कंपनीचा असो. तार सगळ्या बाजूंना प्रकाश फेकते, वाटी तो गोळा करून मागे, डावीकडे, उजवीकडे हवा तेवढा वाटून देते.

एलईडी चिप फक्त आपल्या तोंडासमोर प्रकाश फेकते. काही बल्बांत सगळ्या चिपा टोकावर, मागच्या गाडीकडे तोंड करून बसवलेल्या असतात. अशा वेळी वाटीपर्यंत प्रकाश पोचतच नाही. मधोमध एक झगझगीत ठिपका आणि भोवतीचा सगळा दिवा काळोखात. सरळ मागे उभं राहिलं तर डोळ्यांत घुसतो, दोन पावलं बाजूला झालं की मावळतो. शेजारच्या लेनमधल्या दुचाकीवाल्याला तुमचा इंडिकेटर दिसतो तो बाजूच्याच कोनातून. त्याच्यासाठी हा दिवा जवळजवळ नसल्यातच जमा. त्यातल्या त्यात बरा बल्ब तो, ज्याच्या चिपा देठाच्या चहूबाजूंना आणि जुन्या तारेच्याच उंचीला बसवलेल्या असतात. कणसासारख्या दिसणाऱ्या, वरपासून खालपर्यंत चिपा चिकटवलेल्या बल्बांत दाणे पुष्कळ असतात, पण वाटीच्या केंद्रात त्यांतले मोजकेच येतात.

एलईडीचा एक गुण मात्र मला मनापासून पटतो. तार तापून पूर्ण प्रकाश द्यायला सेकंदाचा पाचवा भाग घेते. एलईडी बटण दाबताक्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे मागच्या ड्रायव्हरला साडेपाच मीटर आधी सूचना मिळते. द्रुतगती मार्गावर साडेपाच मीटर म्हणजे एका मोटारीच्या लांबीहून जास्त. पण सूचना लवकर मिळून ओळखूच आली नाही, तर हे साडेपाच मीटर कुठे वापरणार?

इंडिकेटर टिकटिक करत धावायला का लागतो

एलईडी लावल्यावर सर्वांत आधी लक्षात येते ती ही गोष्ट: इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकायला लागतो. बल्बमध्ये दोष नसतो. गाडी आपल्याला काहीतरी सांगत असते.

लुकलुक करवणारा फ्लॅशर वीज किती जाते यावर लक्ष ठेवून असतो. पुढचा २१ वॅटचा आणि मागचा २१ वॅटचा, मिळून १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. एक बल्ब उडाला की हा आकडा निम्म्यावर येतो. फ्लॅशर ते ओळखतो आणि टिकटिक जोरात करतो, म्हणजे ड्रायव्हरला गाडीतून न उतरता कळावं की एक दिवा गेला. एलईडी लावला की वीज जाते पाव ते अर्धा अँपिअर. फ्लॅशरला वाटतं, बल्ब उडाले. तो आपलं काम चोख करतोय. फार जुन्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर असतो. तिथे उलटं होतं: इतक्या कमी विजेत पट्टी तापतच नाही आणि इंडिकेटर लुकलुकायचाच थांबतो.

नियमाने इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. जास्त वेगाने लुकलुकणारा दिवा दुरून थरथरता वाटतो, 'वळतोय' हा अर्थ त्यातून पटकन निघत नाही.

यावर बाजारात सर्रास विकला जाणारा उपाय म्हणजे लोड रेझिस्टर: सोनेरी, पंख्यांसारख्या कडा असलेला अॅल्युमिनियमचा तुकडा, त्यावर ५० वॅट, ६ ओहम असं लिहिलेलं. तो बल्बला समांतर जोडतात. साडेतेरा व्होल्ट भागिले ६, म्हणजे सव्वादोन अँपिअर वीज नुसती खायला घालायची, आणि फ्लॅशरचं समाधान करायचं. हिशेब केला तर ३० वॅट उष्णता होते. घरी सोल्डरिंगला जी आयर्न वापरतात ती साधारण २५ वॅटची असते. म्हणजे डिकीच्या आत, प्लास्टिकच्या आवरणाला आणि वायरींच्या जुडग्याला लागून तुम्ही एक सोल्डरिंग आयर्न ठेवता. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो हे खरं, पण घाटात गाडी बंद पडून हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, तासभर चालू राहिले तर? मी एका ओळखीच्या गाडीतला असा रेझिस्टर पाहिला, दुहेरी चिकटपट्टीने प्लास्टिकवर चिकटवलेला. पट्टी विरघळून तो लोंबकळत होता आणि शेजारच्या वायरीचं आवरण तपकिरी पडलं होतं. रेझिस्टर लावायचाच असेल तर तो उघड्या पत्र्याला स्क्रूने आवळा, वायरींपासून हातभर दूर. त्याच्यावरचे ५० वॅट धातूला टेकवलेला असेल तेव्हाचेच आहेत.

याहून चांगला मार्ग म्हणजे एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर. अनेक जुन्या गाड्यांत फ्लॅशर हा तीन पायांचा वेगळा डबा असतो, तो काढून दुसरा लावता येतो. नवीन गाड्यांत हे काम संगणकाच्या पेटीतच होतं, तिथे हा मार्ग बंद. आणि नवा फ्लॅशर बसवला तरी एक गोष्ट गमावता: बल्ब उडाल्याची सूचना. मग दर आठवड्याला हॅझर्ड लावून गाडीभोवती फेरी मारायची सवय स्वतःला लावून घ्यावी लागते.

नवीन गाड्यांत आणखी एक घोळ होतो. काही गाड्यांचा संगणक बल्ब शाबूत आहे का हे पाहायला मधूनमधून विजेचे बारीक ठोके पाठवतो. जाड तारेला ते जाणवतही नाहीत, एलईडी मात्र त्यावर मिणमिणतो. गाडी बंद करूनही दिवा पुसट जळत राहिला तर घाबरू नका, पण तो बल्ब तुमच्या गाडीसाठी नाही हे समजा.

वॅटचे आकडे आणि उन्हाळा

खोक्यावर '५० वॅट' लिहिलेला बल्ब मी मल्टिमीटर लावून मोजला. तेरा व्होल्टला ०.४ अँपिअर. गुणाकार केला तर पाच वॅट आणि थोडं. आणि एका परीने ते बरंच आहे. बोटाएवढ्या बल्बात खरोखर ५० वॅट गेले असते तर होल्डर वितळला असता.

एलईडीतून समोर येणारा प्रकाश थंड असतो, पण चिपच्या पाठीला उष्णता साठते आणि ती बाहेर जायला वाट लागते. टेल लॅम्प हा बंद डबा, वारा नाही. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात, उन्हात उभ्या गाडीच्या बंद डब्यात त्याहून बरीच जास्त धग. लाल आणि पिवळ्या एलईडीचा प्रकाश तर उष्णतेने पांढऱ्यापेक्षा जास्त उतरतो. म्हणून दुकानात पाच सेकंद पाहून काही कळत नाही. दहा मिनिटं चालू ठेवा आणि मग बघा.

स्वस्त बल्बांत विजेवर ताबा ठेवायला नुसता एक रेझिस्टर असतो. तीन लाल चिपा ओळीने जोडल्या तर साडेसहा व्होल्टच्या आसपास त्या खातात, उरलेले रेझिस्टरच्या वाट्याला. इंजिन बंद, बॅटरी १२ व्होल्ट, तर उरले साडेपाचच्या आत. इंजिन चालू, १४.४ व्होल्ट, तर उरले जवळजवळ आठ. व्होल्टेज वीस टक्के वाढलं, पण चिपेतून जाणारी वीज चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली. लांबच्या प्रवासात हे बल्ब एकेक दाणा करून मरतात ते यामुळे. वीज स्थिर ठेवणारं सर्किट ज्यात आहे तो बल्ब महाग असतो, आणि तो महाग असण्याला कारण आहे.

आणखी एक परीक्षा दुकानातच करून घ्या. दिवे सगळे बंद ठेवून नुसता ब्रेक दाबा आणि कुणाला तरी नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्ड पाहायला सांगा. तिथे उजेड दिसला, तर बल्बच्या आतून ब्रेकची वीज उलटी पार्किंगच्या वायरीत शिरते आहे. असा बल्ब तिथेच परत करा.

उद्यमनगरातल्या वायरमनने काय केलं

साखरप्याहून परतल्यावर मी गाडी कोल्हापुरात उद्यमनगरात एका जुन्या वायरमनकडे नेली. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी म्हटलं, "मामा, चांगल्या प्रतीचे लाल एलईडी टाकून द्या." त्यांनी उत्तर दिलं नाही. मूळ बल्ब परत होल्डरमध्ये घातला, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, मला ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि मल्टिमीटरच्या सुया होल्डरला टेकवल्या. "हे बघा," ते म्हणाले. ११.४ व्होल्ट. मग सुया बॅटरीला. १३.६.

दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गळत होते. मामांनी डिकीचं आवरण उचकटलं आणि पत्र्याला आवळलेला अर्थचा, म्हणजे वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचा, बोल्ट दाखवला. वर्षानुवर्षांच्या कोकण वाऱ्यांनी त्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. तो काढला, पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवला, वर ग्रीस. होल्डरचे तांबेरलेले संपर्कही घासले. पुन्हा मोजलं: १३.२.

आता यातलं गणित बघा. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो कोसळतो, साधारण साडेतीन घाताने. साडेतेराचे साडेअकरा झाले की प्रकाश चाळीस टक्क्यांहून जास्त जातो. माझे दिवे मिणमिणते होते ते याच कारणाने. बल्बची काचही आतून काळवंडली होती, म्हणून मामांनी नवे २१/५ चे दोन बल्ब टाकले, दिव्याची वाटी आणि काच आतून ओल्या फडक्याने पुसली. मागे दहा पावलं जाऊन पाहिलं. टेल लाइट शांत लाल. मामांनी ब्रेक दाबला आणि तो लाल असा फुलला की शंकेला जागाच नव्हती. खर्च एलईडीच्या निम्म्याहूनही कमी.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पुसट पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच तालावर डुलतो, अशी लक्षणं तुमच्या गाडीत असतील तर ती जवळजवळ नेहमी खराब अर्थचीच असतात. एलईडी लावून ती जात नाहीत, उलट जास्त विचित्र होतात.

पावसाळी प्रदेशातल्यांसाठी आणखी एक गोष्ट. तारेचा बल्ब तापतो आणि दिव्यात साचलेली वाफ सुकवून टाकतो. एलईडीत ती ऊब नाही, काचेच्या आतलं दव दिवसभर तसंच राहतं. कॅनडात राहणारा माझा आतेभाऊ सांगतो, तिकडे एलईडी टेल लॅम्पवर बसलेला बर्फ आपोआप वितळत नाही, हाताने झाडावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत फेरफार करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेला भाग बसवून फेरफार केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. टेल लॅम्पला मिळालेली मान्यता त्यातल्या ठरलेल्या प्रकारच्या बल्बसकट असते. लुकलुकणारे ब्रेक लाइट, मागे निळा किंवा (रिव्हर्स आणि नंबरप्लेटचा दिवा सोडून) पांढरा उजेड, काळी फिल्म लावलेले टेल लॅम्प, हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कारखान्यातून एलईडी टेल लॅम्प येत असेल, तर तो अख्खा दिवा कंपनीच्या सुट्या भागांतून घेण्याचा पर्याय अधिकृत सेवा केंद्रात विचारा. त्यात चिपा, वाटी, काच, उष्णतेची वाट हे सगळं एकमेकांसाठी घडवलेलं असतं. एलईडीचे सगळे गुण खऱ्या अर्थाने तिथेच मिळतात.

आणि तरीही कुणी बल्ब बदलणारच असेल, तर निदान एक संध्याकाळ याला द्या. एका बाजूला मूळ बल्ब राहू द्या, दुसऱ्या बाजूला एलईडी घाला. गाडी मोकळ्या जागी उभी करा, टेल लाइट चालू ठेवा, कुणाला तरी ब्रेकवर बसवा आणि वीस पावलं मागे जा. दोन्ही बाजूंचा फरक पाहा: चालू आणि ब्रेक यांतला फरक एलईडीच्या बाजूला जुन्याइतका तरी आहे का? मग अर्धवर्तुळात चालत डावीकडे जा, उजवीकडे जा, खाली बसून दुचाकीवाल्याच्या उंचीवरून पाहा. हेच दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन थेट दिव्यावर पडत असताना. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा स्वतःच उजेड जुळवून घेतो आणि हाच फरक पुसून टाकतो.

माझ्या गाडीत आज एलईडी आहे तो फक्त केबिनच्या छताला. ब्रेकला आणि इंडिकेटरला मामांनी टाकलेले तारेचेच बल्ब आहेत. डॅशबोर्डच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून दोन डबल कॉन्टॅक्ट, दोन सिंगल, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिशपेपरचा तुकडा असतो. ऑगस्टमध्ये पुन्हा साखरप्याला थांबलो तेव्हा टपरीवाल्याच्या मुलाला ब्रेकवर बसवलं, पावसात मागे चालत गेलो आणि स्वतः पाहून आलो.